टॅमलपायसच्या वाटांची वहिवाट

सॅन फ्रान्सिस्को शहरातून गोल्डन गेटची सामुद्रधुनी ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे मरिन नावाचा जिल्हा लागतो, आणि त्या जिल्ह्याच्या बहुतेक भागांतून जो एक लांबट पाठीचा, धुक्याच्या वर डोके काढून बसलेला डोंगर दृष्टीस पडतो, तो टॅमलपायस होय. त्याचे पूर्व शिखर समुद्रसपाटीपासून २,५७१ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही उणे. तेव्हा उंचीवरून पाहू गेल्यास त्याची गणना पर्वतांत कोणी करणार नाही. परंतु ज्या वाहनाला आज जगभर माउंटन बाइक म्हणतात, त्याची घडण ज्या मोजक्या डोंगरांच्या अंगावर झाली त्यांत याचे स्थान अग्रभागी आहे. आणि त्या वाहनाच्या पाठोपाठ अनेक देशांतील डोंगरांवर जो कज्जा उद्भवला, म्हणजे पायी चालणाऱ्यांनी आणि सायकलस्वारांनी एकच वाट वापरावी की नाही, आणि वापरावी तर कोणी कोणाला वाट द्यावी, त्याची अगदी आरंभीची कैफियतही येथेच मांडली गेली. पाय आणि चाक यांचे हे भांडण आहे, अशी उभयपक्षांची समजूत गेली चाळीस वर्षे कायम आहे. या डोंगराचा इतिहास पाहता पाहता माझे मत असे बनत गेले की, तंट्याचे मूळ वेगात आहे, वेगाचे मूळ वाटेच्या घडणीत आहे, आणि ज्यांच्या हाती वाटांचा बंदोबस्त होता त्यांनी नेमक्या या घडणीकडेच फार उशिरा लक्ष दिले.

वहिवाटीच्या कोणत्याही तंट्यात प्रथम विचारावयाचा प्रश्न असा की, वाट मुळात पाडली कोणी? टॅमलपायसच्या बाबतीत या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोस्ट मिवॉक या मूळच्या रहिवासी लोकांची वस्ती या डोंगराच्या पायथ्याशी कित्येक शतके होती. त्यांच्यानंतर मेक्सिकन अमदानीत मोठमोठ्या जमिनी सनदा देऊन वाटल्या गेल्या, आणि अमेरिकी अंमल बसल्यावर त्या जमिनींवर दुधाचा धंदा करणारे गवळी व लाकूडतोडे आले. गुरांच्या वाटा, लाकडे ओढण्याच्या वाटा, पाण्याच्या नळांच्या कडेने जाणाऱ्या वाटा अशा नाना प्रयोजनांनी डोंगर कोरला गेला. केवळ पाहण्यासाठी व चालण्यासाठी डोंगरावर येणारा मनुष्य हा यांपैकी सर्वांच्या मागून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गोल्डन गेटवर पूल नव्हता त्या काळी, रविवारी सकाळी सॅन फ्रान्सिस्कोहून बोटी भरभरून माणसे सॉसालिटोच्या धक्क्यावर उतरत, तेथून आगगाडीने मिल व्हॅलीस येत, आणि पाठीवर शिधा बांधून दिवसभर डोंगर तुडवीत. शहरातील कारकून, शिवणकाम करणाऱ्या मुली, जर्मनीहून आलेले कारागीर, सगळ्यांचा त्यांत भरणा असे.

यांच्याच जोडीला १८९६ साली डोंगरावर लोखंडी रूळ आले. मिल व्हॅलीपासून शिखराजवळच्या विश्रामगृहापर्यंत सुमारे आठ मैलांची ही रेल्वे चढताना २८१ वळणे घेत असे, आणि जगातील सर्वांत वाकडी रेल्वे अशी तिची जाहिरात केली जाई. एंजिनाला दम लागू नये म्हणून चढ शंभर फुटांस सातांच्या वर जाऊ द्यावयाचा नाही, हा तिच्या आखणीचा दंडक होता. त्यामुळे एका ठिकाणी तर तिला स्वतःभोवतीच गिरक्या घेत चढावे लागले. उतरताना एंजिनाची गरजच नसे. उतारूंनी भरलेले उघडे डबे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर, ब्रेकवाल्याच्या हाताच्या भरवशावर, खाली सोडले जात, आणि या गडगडत्या प्रवासासाठी लोक आनंदाने पैसे मोजत. तसेच १९०५ साली मिल व्हॅलीपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत डिप्सी नावाची पायी धावण्याची शर्यत सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे, आणि तिच्यात धावणारे लोक अरुंद पायऱ्यांवरून जिवाची पर्वा न करता उड्या घेत खाली येतात. या दोन गोष्टींचा उल्लेख मी हेतुपुरस्सर करीत आहे. वेगाचे आकर्षण या डोंगरावर सायकलीने आणले असे जे पुढे म्हटले गेले, ते इतिहासाला धरून नाही.

तथापि पायी चालणाऱ्यांचा या डोंगरावरील हक्क भावनेपुरता नव्हता, त्यांनी तो श्रमाने मिळविला होता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. डोंगराच्या दक्षिण कुशीतील रेडवूड वृक्षांची खोरी १९०५ साली विल्यम केंट या धनिकाने ४५,००० डॉलरांस विकत घेतली. दोनच वर्षांनी एका पाणीपुरवठा कंपनीने तेथे धरण बांधण्यासाठी जमीन सक्तीने ताब्यात घेण्याची खटपट सुरू केली, तेव्हा केंटने त्यांपैकी २९५ एकर जमीन थेट संघराज्याच्या सरकारास देऊन टाकली, आणि १९०८ च्या जानेवारीत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. हेच म्यूर वुड्स. चार वर्षांनी, १९१२ साली, डोंगरावर नित्य फिरणाऱ्या मंडळींनी टॅमलपायस संरक्षक मंडळ स्थापन केले. शिकाऱ्यांना आळा घालणे, झरे साफ ठेवणे, कुदळ-फावडी घेऊन वाहून गेलेल्या वाटा पुन्हा बांधणे, हे काम त्या मंडळाचे सभासद सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून करीत. त्याच वर्षी मरिनचा सार्वजनिक पाणीपुरवठा विभाग अस्तित्वात आला, आणि उत्तरेच्या उतारांवरील तलाव व त्यांचे पाणलोट क्षेत्र कालांतराने त्याच्या ताब्यात गेले. केंटने आणखी एक घळ मृत्यूच्या आदल्या दिवशी राज्याच्या नावे करून दिली, आणि तेथे १९२८ पासून राज्य उद्यान उभे राहू लागले. ज्या पिढीने हा डोंगर धरणांपासून, कुऱ्हाडीपासून आणि बंगलेवाल्यांपासून वाचविला तिच्या मुला-नातवांना तो आपला वाटावा, यात नवल कसले?

पुढे मोटार आली आणि रेल्वे ओस पडली. १९२९ च्या उन्हाळ्यात डोंगरावर मोठा वणवा पेटला, त्यात मिल व्हॅलीतील शंभरावर घरे जळाली, आणि दुसऱ्याच वर्षी रूळ उखडण्यात आले. रूळ गेले तरी त्यांचा सौम्य चढाचा, रुंद, वळणावळणांचा मार्ग शिल्लक राहिला. वणव्याच्या धास्तीने पुढील काळात डोंगराच्या सोंडांवरून रुंद कच्चे रस्ते कोरले गेले. आग विझविणाऱ्यांच्या गाड्या चटकन पोचाव्यात, आणि झुडपांच्या रानात मोकळा पट्टा राहून आगीला अटकाव व्हावा, असा त्यांचा दुहेरी हेतू. मंदीच्या काळात सरकारने बेकार तरुणांची जी श्रमपथके उभारली त्यांनीही येथे रस्ते बांधले, वाटा बांधल्या, आणि डोंगरमाथ्यावरील खुल्या नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या रचल्या. अशा रीतीने १९५० च्या सुमारास टॅमलपायसवर दोन प्रकारच्या वाटा सिद्ध झाल्या होत्या. पहिला प्रकार चालणाऱ्यांनी घडविलेल्या, एका वेळी एकच मनुष्य जाईल अशा पाऊलवाटांचा. दुसरा प्रकार रुंद वणवारस्त्यांचा, जे सोंडेवरून जवळजवळ नाकासमोर उतरतात, कारण ते आखणाऱ्यांपुढे पायांचा वा चाकांचा प्रश्नच नव्हता, आगीचा होता. हा भेद वाचकाने ध्यानात ठेवावा. पुढील सर्व कथा त्यावर उभी आहे.

१९७० च्या सुमारास लार्क्सपर गावची काही मुले जुन्या जाडजूड सायकली घेऊन या रस्त्यांवरून उतरू लागली. या सायकली म्हणजे मोडीत निघालेला माल. १९३३ साली शिकागोच्या श्विन कंपनीने मुलांच्या सायकलीला दोन इंचांहून जाड, कमी हवेवर चालणारे फुगीर टायर बसविले होते. वृत्तपत्रे टाकणारी पोरे या सायकलींवरून फुटपाथच्या कडा चढत-उतरत, आणि त्यांच्या हाती टिकावी म्हणून फ्रेमही भक्कम केलेली असे. चाळीस वर्षांनी त्या नाममात्र किमतीत मिळत. मिल व्हॅली, फेअरफॅक्स, सॅन ॲन्सेल्मो या गावांतील तरुणांनी, ज्यांत गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ अशी मंडळी होती, त्या उचलल्या. हे सगळे मुळात डांबरी रस्त्यावरील शर्यतींचे सायकलपटू. पातळ टायरांच्या नाजूक सायकलींवर त्यांचा सराव चाले, आणि जुन्या धुडांवर बसून डोंगर उतरणे हा त्यांचा विरंगुळा होता. मडगार्ड, घंटा, स्टँड, फ्रेमच्या पोटातील शोभेची पेटी, सगळे काढून फेकावयाचे, हँडल मोटरसायकलीचे लावावयाचे, आणि निघावयाचे. १९७४ च्या डिसेंबरात मिल व्हॅलीत चिखलातील सायकल शर्यत झाली, तीत दक्षिणेकडील क्युपर्टिनो गावचे काही स्वार अशाच जुन्या सायकलींना गिअर बसवून आलेले मरिनच्या तरुणांनी पाहिले. चढ चढणाऱ्या जाड सायकलीची कल्पना त्या दिवसापासून जिल्ह्यात रुजली.

फेअरफॅक्स गावाच्या वर कॅस्केड कॅन्यनमध्ये उतरणारा एक वणवारस्ता आहे. लांबी २.१ मैल, उतार सुमारे १,३०० फूट. आपसांत सर्वांत वेगवान कोण, हा वाद मिटविण्यासाठी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी या मंडळींनी तेथे घड्याळ लावून शर्यत घेतली. स्वार दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडावयाचे, मंद गतीचे आधी आणि तरबेज शेवटी. वेळ मोजण्यासाठी नौदलाचे एक जुने कालमापक आणि सेकंदकाटा असलेले गजराचे एक घड्याळ एकमेकांशी जुळवून एक माथ्यावर व एक पायथ्याशी ठेवलेले. या सायकलींना हातब्रेक नसे. पायडल उलटे दाबले म्हणजे मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक लागे. दोन मैल सतत उलटे दाबीत आल्यावर हब इतके तापे की, आतले ग्रीस जळून धूर होऊन बाहेर पडे. मागून येणाऱ्याला पुढच्याच्या चाकातून निघणारी धुराची शेपटी दिसे, आणि खाली पोचल्यावर हब उघडून, छर्रे पुसून, नवे ग्रीस भरल्याखेरीज ती सायकल पुन्हा वापरता येत नसे. ग्रीस पुन्हा भरण्याच्या या कामावरूनच त्या उतारास रीपॅक हे नाव पडले. पहिल्या दिवशी न पडता खाली पोचलेला ॲलन बाँड्स हाच विजयी ठरला. पुढे फिशरने हे अंतर ४ मिनिटे २२ सेकंदांत तोडले, आणि तो उच्चांक अबाधित राहिला. हिशेब केला तर ताशी जवळजवळ २९ मैल असा सरासरी वेग येतो. त्याच उतारावर जपून पाय टाकीत येणाऱ्या माणसाचा वेग तासाला दोन-अडीच मैलांहून अधिक नसतो.

दहा पटींहून अधिक असलेले हे अंतर मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण खडबडीत वाटांवर सायकल नेणारे मरिनचे तरुण काही पहिले नव्हते. १८९७ साली अमेरिकी सैन्याच्या २५ व्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांचे पथक मोंटाना प्रांतातील मिझुलाहून सेंट लुईसपर्यंत सुमारे १,९०० मैल, चिखल, रेल्वेचे स्लीपर आणि डोंगरवाटा तुडवीत सायकलींनी गेले होते. इंग्लंडमध्ये १९५५ साली लेमस्टर गावी रफ स्टफ फेलोशिप नावाचा संघ स्थापन झाला. त्याचे सभासद साध्या सायकली घेऊन वेल्स व स्कॉटलंडमधील खिंडी ओलांडीत, अर्धी वाट सायकलवर बसून आणि उरलेली अर्धी सायकल खांद्यावर घेऊन. या लोकांविरुद्ध पदयात्रींनी मोहीम उघडल्याचे दिसत नाही. एकतर ते संख्येने मूठभर होते, आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण असे की, वाटेवर भेटले तर ते चालणाऱ्याच्याच गतीने भेटत. रीपॅकवर जे नवे जन्मले ते वाहन नव्हे, ती उताराची धुंदी होती. वाहन त्या धुंदीच्या गरजेपोटी मागाहून घडले.

आणि ते झपाट्याने घडले. जुन्या फ्रेमा उतारावर मोडू लागल्या म्हणून केलीने ब्रीझकडे नवी फ्रेम मागितली, आणि १९७७ साली ब्रीझने क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची, सर्व नवे भाग असलेली पहिली सायकल तयार केली. ती आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रही आहे. १९७९ मध्ये फिशर व केली यांनी टॉम रिची या कुशल कारागिराच्या फ्रेमा घेऊन माउंटनबाइक्स नावाची पेढी काढली, आणि पेढीचे ते नाव पुढे साऱ्या जातीलाच चिकटले. कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूट या खाणकामगारांच्या गावी अशाच जुन्या सायकलींनी पर्ल पास ही सुमारे १२,७०० फुटांची खिंड ओलांडण्याचा उपक्रम १९७६ पासून चालू होता. १९७८ मध्ये मरिनचे लोक तेथे गेले आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टंपजंपर ही सायकल ७५० डॉलरांस बाजारात आणली. तोवर जी वस्तू कारागिराकडे वाट पाहून मिळे, ती आता दुकानात टांगलेली मिळू लागली. रीपॅकच्या शर्यती १९८४ नंतर थांबल्या. पण तोपर्यंत डोंगरावर येणाऱ्या स्वारांची संख्या अशी वाढली होती की, ते कोण, कोठले, हे कोणालाच सांगता येईना.

येथून कज्ज्यास तोंड लागले. पाणीपुरवठा विभागाच्या दप्तरी तक्रारी येऊ लागल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. आंधळ्या वळणावर मागून अथवा पुढून न बोलता, न घंटा वाजवता एखादे धूड अंगावर येते, वृद्ध मनुष्य घाबरून कडेला पडतो, घोडा बिथरून स्वारासह उधळतो. आणि अपघात झाला नाही तरी होईल या धास्तीने दिवसभर मान वळवीत चालावे लागते. ज्याने ती धास्ती अनुभवली नाही तो तिला क्षुल्लक म्हणेल. पण डोंगरावर मनुष्य ज्यासाठी येतो ते चित्ताचे स्वास्थ्यच तीमुळे नाहीसे होते, हे मान्य केल्याखेरीज चालणाऱ्यांची बाजू समजणार नाही. घोड्यांच्या बाबतीत तर प्रश्न निव्वळ स्वभावाचा आहे. मुळात शिकार होणारा प्राणी तो. नीरव, वेगवान आणि मागून येणारी वस्तू त्याला श्वापदासारखी वाटते, आणि त्याची समजूत काढण्याचा एकच उपाय म्हणजे स्वाराने दुरूनच थांबून माणसाच्या आवाजात बोलणे, आणि उताराच्या बाजूला उतरून उभे राहणे.

विभागाने जो बंदोबस्त केला तो असा: अरुंद पाऊलवाटा सायकलींस बंद, वणवारस्ते खुले, त्यांवर वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, आणि वळणावर किंवा कोणाच्या बाजूने जाताना ५ मैल. मर्यादा मोडणाऱ्यास दंड, आणि तो बसविण्यासाठी वनरक्षकांच्या हाती वेग मोजण्याचे रडार. डोंगरातील कच्च्या रस्त्यावर, मांझनीटाच्या झुडपाआड उभा राहून सायकलीचा वेग मोजणारा वनरक्षक हे दृश्य त्या काळी फार गाजले, आणि सायकलस्वारांच्या मनात त्याची सल कित्येक वर्षे राहिली. मला या फर्मानात एक मोठी विसंगती दिसते. पाऊलवाटा अरुंद, मुळांनी व दगडांनी भरलेल्या, पदोपदी वळणाऱ्या; तेथे चाकाचा वेग आपोआप खुंटतो. वणवारस्ते रुंद, मोकळे, सरळ उतरणारे. तेथे ब्रेक सोडला की वेग आपोआप वाढतो. चाक आणि पाय यांना वेगळे करण्याच्या भरात विभागाने सर्व चाके नेमकी वेगाच्या रस्त्यावर आणून सोडली, आणि मग तो वेग रडारने आवरू पाहिला. पाऊलवाटेवर एकमेकांस वाट देण्यास जागाच नाही हा विभागाचा आक्षेप खरा होता, डोंगरावरील दुर्मिळ वनस्पतींची काळजीही प्रामाणिक होती. तरीदेखील काही पाऊलवाटा तरी निवडून त्यांवर प्रयोग करून पाहावयास काय हरकत होती, याचे समाधानकारक उत्तर मला त्या काळाच्या कारभारात सापडत नाही.

स्थानिक मनाईला लवकरच वरच्या कायद्याचे पाठबळ मिळाले. १९६४ च्या अरण्य संरक्षण कायद्याने राखीव अरण्यांत मोटारी व यांत्रिक वाहतूक यांस बंदी केली होती. त्या बंदीत सायकल येते की नाही याविषयी वीस वर्षे संदिग्धता होती, ती वनखात्याने १९८४ साली सायकलीचे नाव स्पष्ट घालून संपविली. मरिनच्याच किनाऱ्यावरील पॉइंट रेयेसच्या राखीव अरण्यातील वाटा पाठोपाठ बंद झाल्या. राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याने १९८७ मध्ये नियम केला की, जी वाट सायकलींसाठी म्हणून खास नेमून दिलेली नाही ती त्यांस बंद समजावी. मरिनच्या सायकलस्वारांच्या मंडळाने याविरुद्ध फिर्याद केली, ती अपिलात गेली, आणि १९९६ साली नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने खात्याचा अधिकार उचलून धरला. योगायोग असा की त्याच वर्षी अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीचा प्रथमच समावेश झाला. ज्या खेळाला जगाने मान्यता दिली, त्याला त्याच्या जन्मगावच्या पाऊलवाटा बंदच राहिल्या.

याच्या उलट इंग्लंड व वेल्समध्ये कायद्याचा ओघ निराळ्या दिशेने वाहिला होता. माउंटन बाइक जन्मण्याच्या किती तरी आधी, १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने घोडेवाटांवरून सायकल नेण्याची मुभा दिली, आणि तिला एकच अट जोडली: सायकलस्वाराने पायी चालणाऱ्यास व घोडेस्वारास वाट दिली पाहिजे. वाट कोणाची हा प्रश्नच त्यांनी उपस्थित केला नाही. वाट कोणी सोडावयाची एवढे ठरविले. पुढे गर्दी वाढली तेव्हा वेल्समधील स्नोडन या १,०८५ मीटर उंचीच्या शिखरावर जाणाऱ्या घोडेवाटांसाठी स्वेच्छेचा करार झाला, त्यानुसार उन्हाळ्याच्या महिन्यांत सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळात सायकलस्वार तिकडे फिरकत नाहीत. करार स्वेच्छेचा असल्यामुळे तो पाळणे हा स्वारांच्या अब्रूचा विषय झाला. कॅलिफोर्निया व नेवाडा यांच्या सीमेवरील ताहो सरोवराभोवतालच्या दीर्घ वाटेच्या एका भागात तर तारखांची वाटणी आहे: सम तारखेस सायकलींना मुभा, विषम तारखेस मनाई. ज्या गावात एकाच पाटाचे पाणी पाळीपाळीने घेतात त्या गावच्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

सायकलस्वारही या काळात स्वस्थ बसले नव्हते. बंदीचे लोण पसरू लागल्यावर कॅलिफोर्नियातील मंडळांनी १९८८ साली आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघ स्थापन केला. त्याने स्वारांसाठी आचारनियम केले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाटा कशा बांधाव्यात याचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. डोंगरवाटेचा खरा शत्रू पाणी. वाट उताराच्या रोखाने सरळ खाली नेली की पहिल्या दोन पावसाळ्यांत ती ओढा होते, मग तिच्यावरून माणूस जावो, घोडा जावो की सायकल. म्हणून वाट डोंगराच्या कडेने आडवी न्यावी. तिचा चढ कडेच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. तळ किंचित बाहेरच्या अंगाला कललेला असावा. आणि ठरावीक अंतराने तिला हलके उंचवटे व खळगे द्यावेत, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता आडवे ओलांडून जाते. १९९४ साली मोंटाना राज्यात पाय, खूर, सायकल व मोटरसायकल यांनी होणारी धूप मोजून पाहिली गेली, तेव्हा सर्वाधिक माती घोड्यांच्या खुरांनी सुटते असे आढळले. सायकलीवरील मुख्य आरोपांपैकी एक त्यामुळे बराच सैल पडला. परंतु बांधणीच्या या शास्त्राचा सर्वांत मोठा लाभ वेगाच्या प्रश्नाला झाला. आंधळ्या वळणाच्या अलीकडे वाट दोन दगडांमधून अरुंद करून न्यावी, पुढे लहानसा चढ द्यावा, मग वळण घ्यावे. स्वार कितीही उतावळा असला तरी तेथे त्याला ब्रेक दाबावाच लागतो. फलक वाचून न वाचल्यासारखे करता येते, दगड टाळता येत नाही. हे आधी सुचते, तर रडारची पाळी आली नसती असे मला मनापासून वाटते.

फलकांचीही आपली योग्यता आहेच. अमेरिकेतील अनेक डोंगरांच्या पायथ्याशी आता पिवळा त्रिकोण दिसतो. त्यावर घोडा, माणूस व सायकल यांची चित्रे आणि बाण असतात, आणि त्याचा आशय असा की, सायकलीने दोघांनाही वाट द्यावी, चालणाऱ्याने घोड्याला द्यावी. ज्याचा वेग अधिक आणि ज्याला थांबणे सोपे, त्याने आधी थांबावे, असा सरळ न्याय त्यात आहे. मरिनमध्ये सायकलीस घंटा लावण्याचा आणि वेग कमी करून समोरच्यास नमस्कार-चमत्कार करण्याचा प्रचार झाला. ज्या घंटा १९७० साली वजन नको म्हणून उपटून फेकल्या होत्या त्या पुन्हा हँडलवर आल्या. फेअरफॅक्सजवळ बालवीरांच्या टॅमरँचो नावाच्या शिबिरभूमीवर स्वारांना वर्गणी घेऊन अरुंद वाटा खुल्या करण्यात आल्या, आणि ज्यांना उतरावयाचे ते त्या वाटांची डागडुजीही स्वतः करू लागले. १९१२ साली चालणाऱ्यांनी जे केले तेच हे होते: आधी कुदळ, मग हक्काची भाषा. गावात २०१५ साली सायकलींचे संग्रहालय उघडले, आणि माउंटन बाइकच्या मानकऱ्यांची दालनेही क्रेस्टेड ब्यूटहून तेथे आली.

सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात वस्ती करून राहिलेली आपली मराठी मंडळी, ज्यांनी तरुणपणी राजमाची व हरिश्चंद्रगड पायाखाली घातले, तीही सुट्टीच्या दिवशी या डोंगरावर जातात. रेल्वेचा जुना सौम्य मार्ग चढताना लहान मुले, घोडे, धावणारे आणि सायकली एकाच धुळीतून जातात. मधल्या वळणावर १९०४ साली रेल्वेने बांधलेले वेस्ट पॉइंटचे विश्रामगृह अजून उभे आहे, आणि तेथे पोचण्यास मोटारीची सोय नसल्यामुळे पाहुण्यांत एक प्रकारची समता असते. येथे तंटा क्वचितच होतो, कारण चढ शंभरात सातांपलीकडे जात नाही आणि वळणे २८१ आहेत. एंजिनासाठी केलेली ती आखणी सव्वाशे वर्षांनी चाक आणि पाय यांच्यात समेट घडवीत आहे.

पाऊलवाटांचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. पाणीपुरवठा विभागाने २०२४ साली, चाळीस वर्षांच्या मनाईनंतर, काही निवडक अरुंद वाटांवर सायकलींना मर्यादित मुभा देऊन पाहण्याचा निर्णय केला, आणि निसर्गसंरक्षक संस्थांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यातच विजेवर चालणाऱ्या सायकली आल्या आहेत. मरिनच्या तरुणांची धुंदी उतारापुरती होती, चढावर त्यांना घाम गाळून चालणाऱ्याच्याच गतीने जावे लागे. विजेच्या सायकलीने चढावरचा वेगही वाढविला आहे, आणि म्हणून तिच्याविषयी जुने स्वारही चालणाऱ्यांच्या बाजूने बोलताना आढळतात. न्यायालय कागदपत्रे तपासील, वनस्पतींची गणती होईल, उभयपक्षी तज्ज्ञ साक्षी देतील. माझी विनंती एवढीच आहे की, या सर्व खटाटोपात एखाद्या अभियंत्याने त्या वाटा स्वतः चालून, वळणावळणाला उतार मोजून, कोणते वळण दगड टाकून अरुंद करावयाचे आणि कोठे दोघांना थांबण्यापुरती जागा काढावयाची, याचा एक नकाशा निकालाआधी दाखल करावा.